मेव्हण्याच्या गळ्यात फियाट

“ऐकलं का सर? डॉक्टरांची डुक्कर फियाट विकली म्हणं.”

तात्या कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकवून उभे होते. नळाला पाणी यायचं होतं, त्यामुळे दोघांनाही दुसरं काम नव्हतं. परभणीच्या वसमत रोडच्या आतल्या अंगाला असलेल्या आमच्या गल्लीत ज्या बातम्या फिरतात, त्यातल्या निम्म्या याच वेळेला जन्माला येतात.

“विकली? कुणी घेतली?”

“तिथंच तर गंमत आहे. थांबा, हिला येऊ द्या. नाहीतर मधूनच येऊन ‘काय झालं, काय झालं’ करती.”

काकू मेथीची जुडी घेऊन आल्या आणि ओट्यावर बसल्या. “मला समदं माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सांगा. चुकलं तिथं मी सांगते.”

तात्या कृषी विद्यापीठाच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. विद्यापीठाच्या जीपा, ट्रॅक्टर, पंप सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. गाडी वळणावर आली की आवाजावरून ते सांगतात, हिचा क्लच चाललाय की मालक. त्यामुळे गल्लीत गाडीसंबंधी काही घडलं तर पहिली खबर त्यांना असते.

डुक्कर फियाट म्हणजे काय, हे आताच्या पोरांना सांगावं लागतं. इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली. पाठ गोल, तोंड पुढं आलेलं, म्हणून लोकांनी हे नाव ठेवलं. पुढचे दरवाजे उलटे उघडायचे आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असायचा. तिच्याच घराण्यात पुढे पद्मिनी जन्मली, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. त्यातली शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. तेव्हा पेपरांत इतके अश्रू ढाळले गेले, की ज्यांच्या शेडात जुनी फियाट होती त्यांना आपण अचानक श्रीमंत झाल्यासारखं वाटू लागलं.

डॉक्टरांची गाडी १९६१ची. थोरल्या डॉक्टरांनी ती हैदराबादहून सेकंडहँड आणली होती. परभणी १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात, त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या माणसांना मोठी खरेदी म्हटलं की हैदराबादच आठवायचं. निझामाची ती पिवळी, सिंहासनाची रोल्स रॉइस आजही चौमहल्ला राजवाड्यात उभी आहे. तिच्या वाट्याला रस्ता फार थोडा आला. आमच्या डॉक्टरांच्या फियाटच्या वाट्याला मात्र जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी इथले सगळे खड्डे आले. डॉक्टर गेले, गाडी ताडपत्रीखाली गेली. मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत. त्यानं ती मोबाईलवरच्या लिलावात टाकली.

“सात दिवसांचा लिलाव,” तात्या सांगू लागले. “पोरानं राखीव किंमत ठेवली नाही. त्याचं म्हणणं, राखीव किंमत दिसली की गिऱ्हाईक बिचकतं. बरोबर आहे त्याचं. पण मग रात्री झोप लागेना. समजा गाडी पन्नास हजारात गेली तर? म्हणून त्यानं नांदेडच्या मेव्हण्याला सांगितलं, तू आपलं मधूनमधून हवा भरत ऱ्हा.”

“म्हणजे खोटी बोली?”

“डमी म्हणतात. मेव्हण्यानं खातं उघडलं, अनामत भरली अन् लागला हवा भरायला. तिकडून एक कोल्हापूरचा गडी होता, एक हैदराबादचा. हे तिघं मिळून गाडी साडेतीन लाखावर घेऊन गेले. शेवटच्या रात्री कोल्हापूरकरानं तीन साठ म्हणलं. मेव्हण्याला वाटलं, अजून ताणतंय. त्यानं मारले तीन पंच्याहत्तर. अन् मग…”

“मग?”

“मग कुणीच आलं नाही!” काकूंनी मेथीची काडी मोडून निकाल सांगितला. “गाडी मेव्हण्याच्याच गळ्यात.”

मला हसू आवरेना. तात्या मात्र गंभीर राहिले, कारण त्यांच्याकडचा मसाला संपला नव्हता. गाडी शेडातून एक इंचही हलली नाही. पण कागदावर ती विकली गेली होती, म्हणून लिलाववाल्यांनी मेव्हण्याकडं कमिशन मागितलं, वर त्यावरचा जीएसटी. म्हणजे घरची गाडी घरातच विकत घ्यायची आणि त्याबद्दल तिसऱ्याला पैसे द्यायचे. मेव्हणा म्हणतो, तुझ्यासाठी केलं, तू भर. हा म्हणतो, तुला पंच्याहत्तर मारायला कुणी सांगितलं होतं. बहीण मधल्या मध्ये.

डमी बोलीला बहुतेक लिलावसाइटांच्या नियमांत बंदी असते. सापडला तर खातं बंद होतं आणि पुन्हा तिथं कुणी उभं करत नाही. पण नियम बाजूला ठेवला तरी तो डाव हिशेबातच बसत नाही. हवा भरणाऱ्याला थांबायचं कुठं हे कळण्यासाठी समोरच्याच्या मनातला आकडा माहीत असावा लागतो, आणि तो माहीत असता तर लिलाव कशाला घातला असता?

“बैलबाजारात असं होत नव्हतं का?” मी तात्यांना विचारलं. त्यांचे वडील हेड्यांबरोबर, म्हणजे बैलांच्या व्यापाऱ्यांबरोबर फिरलेले. लाल कंधारीची जोडी पारखण्यात नाव होतं त्यांचं.

“होत होतं की. हेड्याचा माणूस गिऱ्हाईक बनून उभा ऱ्हायचा. पण सर, माळेगावच्या यात्रेत उभा ऱ्हायलेला माणूस लोकं चेहऱ्यानं ओळखायची. एका सालात दोनदा लबाडी केली की तिसऱ्या बाजाराला त्याच्याशी कुणी रुमालाखाली हात घालायचं नाही.”

रुमालाखालचा सौदा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल किंवा धोतराचा सोगा टाकतात आणि आत बोटं धरून भाव करतात. किती बोटं धरली, कशी दाबली, यावर आकडा ठरतो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. पटला तर इसार द्यायचा, नाही पटला तर रुमाल झटकून पुढच्या दावणीला. आकडा झाकलेला आणि चेहरा उघडा, अशी ती पद्धत होती. मोबाईलवरच्या लिलावानं नेमकं उलटं केलं. आकडा सगळ्या जगाला दिसतो आणि चेहरा कुणालाच दिसत नाही. ‘बिडर ४४१७’ म्हणजे कोल्हापूरचा कारखानदार आहे, की नांदेडचा मेव्हणा, की रात्री झोप न येणारं कॉलेजातलं पोरगं, हे देवाला ठाऊक. या खेळातली सगळी रीतभात आणि सगळी चलाखी या एका उलथापालथीतून आलीय, असं माझं मत आहे. लाज वाटायला समोर माणूस लागतो. इथं तो नसतो, म्हणून लाज ज्याची त्यानं घरून आणायची.

“पण मला एक सांगा,” मी म्हटलं, “कोल्हापूरकर तीन साठवर अचानक थांबला का? कोल्हापूरच्या लोकांना तर जुन्या गाड्यांचं वेड. छत्रपती राजाराम महाराजांची १९३६ची मेबॅक दसऱ्याला निघते, तेव्हा तिला बघायला गर्दी लोटते. तो माणूस पंधरा हजारांसाठी मागं हटला?”

तात्या एकदम नळाकडं बघायला लागले. काकूंनी मेथी खाली ठेवली.

“सांगा ना आता,” काकू म्हणाल्या. “सरांपासून काय लपवायलेत?”

तर झालं होतं असं. कोल्हापूरकर जाणता निघाला. फोटो बघून बोली लावायची नाही, हा त्याचा नियम. स्वतः येणं जमत नव्हतं, म्हणून त्यानं परभणीत कुणी जुना मेकॅनिक आहे का याचा शोध लावला. ओळखीतून ओळख निघत निघत फोन आला तो तात्यांना. गाडी बघून येता का, तुमची मजुरी देतो. तात्यांनी गाडी कुणाची ते ऐकलं आणि पेचात पडले. एकीकडं भिंतीपलीकडचा शेजारधर्म, दुसरीकडं कामाचं इमान.

“मी मजुरी घेतली नाही,” तात्या म्हणाले. “पण बघून आलो. पोरानं सांगितलंच होतं, कुणालाही दाखवा म्हणून. मी खिशात लोहचुंबक घेऊन गेलो.”

लोहचुंबकाची युक्ती साधी आणि पक्की आहे. पत्रा सडला की डेंटर तिथं पुट्टी भरून वर रंग मारतो. डोळ्याला कळत नाही, पण चुंबक पुट्टीला चिकटत नाही. तात्यांनी तो दरवाजाच्या खालच्या कडेवरून फिरवला, चाकाच्या कमानीवरून फिरवला, पायरीवरून फिरवला. पायरीला ठिकठिकाणी तो गळून पडला. तेही एक वेळ चालतं. आपल्याकडचं हवामान कोरडं, समुद्राकाठच्या गाड्यांच्या मानानं इथला पत्रा जास्त टिकतो. आपल्याकडं गाडी खातात ते ऊन आणि उंदीर. रबरं तडकतात, वायरी कुरतडल्या जातात. ते सगळं बदलता येतं. घोळ पुढंच होता. तात्यांनी बॉनेट उघडून इंजिनावरचा नंबर पुसून वाचला आणि आरसीच्या फोटोवरच्या नंबराशी जुळवला. जुळेना. कुणीतरी कधीतरी पद्मिनीचं इंजिन बसवलं होतं. घराणं एकच, त्यामुळे बसतंही ते. पण आरसीत नोंद नाही, आणि लिलावाच्या जाहिरातीत पोरानं लिहिलं होतं, ‘मूळ इंजिन’.

“पोराला ठाऊकच नसेल,” मी म्हटलं.

“नसेलच. थोरल्या डॉक्टरांनी बदललं असेल, पोरगं तेव्हा शाळेत असंल. पण ठाऊक नाही तर ‘मूळ’ लिहायचं कशाला? ‘बघून घ्या’ लिहावं. कोल्हापूरकरानं विचारलं, तात्या खरं सांगा. मी खरं सांगितलं. त्यानं घरी बसून हिशेब केला असंल, एवढ्या दोषासकट तीन साठ. तिथं थांबला.”

“अन् डॉक्टरांची सून आता माझ्याशी बोलत नाही,” काकू म्हणाल्या. “परवा हळदीकुंकवाला समद्या गल्लीला बोलावणं, मला नाही.”

मी तात्यांच्या बाजूचा आहे. बैल विकणारा जाणता माणूस आपणहून सांगायचा, हा उजव्या बाजूला चांगला चालतो, डाव्याला कुरकुरतो. नांगराला जुंपल्यावर बसणारा बशा बैल लपवून विकला, तर दुसऱ्या बाजाराला घेणारा दारात हजर व्हायचा. आधी सांगितलेला दोष भाव थोडा उतरवतो; मागाहून सापडलेला दोष भाव आणि विश्वास दोन्ही घालवतो आणि कधीकधी पोलीस ठाणंही दाखवतो. जुन्या गाडीच्या बाबतीत तर सांगितलेला दोष गिऱ्हाईक आणतो, हे मला पटलेलं आहे. ज्या जाहिरातीत गंजलेल्या जागेचा फोटो आहे, खालून काढलेला चेसीचा फोटो आहे, चालू इंजिनाचा आवाज आहे आणि ‘डाव्या मागच्या दाराची काच वर जात नाही’ असं एक वाक्य आहे, तिथं जाणकार थांबतो. गुळगुळीत फोटो, मागं सूर्यास्त, आणि खाली ‘फर्स्ट क्लास कंडिशन’ एवढंच असेल तर तो पुढं सरकतो. फोटो धुतलेल्या ओल्या गाडीचा काढू नये, हे तात्यांचं खास मत. ओला पत्रा सगळं झाकतो.

सरकारी किंवा बँकेच्या ई-लिलावात मात्र दोष सांगण्याची पद्धतच नाही. ‘जे आहे, जसे आहे, जेथे आहे’ एवढं छापलं की त्यांची जबाबदारी संपली. एमएसटीसी ही केंद्राची कंपनी, १९६४ची, भंगाराच्या व्यवहारासाठीच निघालेली. आता तिच्या साइटवर काय काय विकलं जातं! एप्रिल २०१९मध्ये ईडीनं नीरव मोदी आणि मेहुल चोक्सी यांच्याकडून जप्त केलेल्या गाड्या तिथंच लिलावात काढल्या. बारा गाड्यांचे ३ कोटी २९ लाख आले, त्यात रोल्स रॉइस १ कोटी ३३ लाखांची. आपल्याकडच्या लोकांना यातलं जास्त माहीत असतं ते फायनान्सवाल्यांनी ओढून नेलेल्या जीप-ट्रॅक्टरच्या यार्डातलं. आणि जिल्हा परिषदेच्या निर्लेखित जीपा, तहसीलच्या पांढऱ्या ॲम्बेसिडर लिलावातून घेण्याचे दिवस सरले. १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षांपुढच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच पुढे चालत नाही. त्या थेट मोडीत जातात. ज्यानं तेव्हा एखादी ॲम्बेसिडर घेऊन ठेवली, तो आज मिशीला पीळ देत फिरतो.

खानदानी गाड्यांचं दुकान वेगळं. मुंबईच्या अस्तागुरू या चित्रांचा लिलाव करणाऱ्या संस्थेनं नोव्हेंबर २०२०मध्ये जुन्या मोटारींचा ऑनलाइन लिलाव केला. करोनामुळं माणसं घरात, हातात मोबाईल. तेव्हापासून हे खूळ जिल्ह्यापर्यंत झिरपत आलं.

“सर, तुम्ही पुस्तकं वाचता,” तात्या म्हणाले. “ह्या लिलावाचं काही शास्त्र असतं का?”

“असतं म्हणजे? नोबेल दिलंय त्याला. दोनदा.”

“लिलावाला नोबेल?” काकूंचा हात थांबला.

विल्यम विक्री नावाचे न्यूयॉर्कचे प्राध्यापक होते. डॉक्टरांची फियाट ज्या वर्षाची, त्याच १९६१ साली त्यांनी लेख लिहिला. बंद पाकिटात सगळ्यांनी बोली द्यायची. ज्याचा आकडा सर्वांत मोठा त्याला वस्तू मिळणार, पण पैसे भरायचे दुसऱ्या क्रमांकाच्या आकड्याएवढे. असं केलं की लबाडी करण्यात काही फायदाच उरत नाही. आपल्याला वस्तू जेवढ्याची वाटते तेवढा खरा आकडा लिहिणं हेच शहाणपण ठरतं. १९९६ला त्यांना नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांत ते वारले. २०२०ला पुन्हा पॉल मिलग्रॉम आणि रॉबर्ट विल्सन या दोघांना लिलावाच्याच अभ्यासासाठी मिळालं.

आजच्या साइटवर ‘कमाल बोली’ भरून ठेवायची सोय असते, ती विक्रींच्या विचारासारखीच चालते. तुम्ही चार लाख भरून ठेवले आणि दुसऱ्यानं तीन म्हटलं, तर यंत्र तुमच्या वतीनं तीनच्या वर एक पायरी चढतं आणि थांबतं. चार दाखवत नाही. म्हणून घरी, दिवसाउजेडी, जेवण झाल्यावर, कुणाशी भांडण झालेलं नसताना आपला आकडा ठरवायचा, तो भरायचा आणि मोबाईल ठेवून द्यायचा. आकडा ठरवताना कमिशन धरायचं, त्यावरचा कर धरायचा, ट्रकवर चढवून आणण्याचं भाडं धरायचं, आणि तात्यांसारखा माणूस जेवढा खर्च सांगेल त्याच्या दुप्पट दुरुस्ती धरायची.

“अन् विल्सन साहेब काय म्हणतात?”

“ते म्हणतात, दहा जणांनी एका वस्तूचा अंदाज बांधला तर जिंकतो तो, ज्याचा अंदाज सगळ्यांत जास्त फुगलेला असतो. म्हणून जाणकार माणूस आपला आकडा आधीच थोडा खाली ओढतो.”

“म्हणजे जिंकला तो फसला!” तात्यांनी भिंतीवर थाप मारली. “मेव्हण्याला वाचायला द्या हे.”

शेवटच्या मिनिटाचा डाव आता फारसा चालत नाही. इबेवर वेळ ठरलेली असायची, घड्याळ संपलं की संपलं. मग हुशार लोक शेवटच्या दोन-चार सेकंदांत बोली टाकून पळायचे. जुन्या गाड्यांच्या साइटवाल्यांनी यावर तोड काढली. ब्रिंग अ ट्रेलर ही अमेरिकेतली यातली मोठी साइट, २०१४पासून लिलाव करते. तिथं शेवटच्या दोन मिनिटांत कुणी बोली टाकली की घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर जातं. आपल्याकडंही तीच तऱ्हा. म्हणजे चोरासारखं शेवटी येऊन काही मिळत नाही, उलट रात्री बारापर्यंत ‘आता बघतोच’ म्हणत दोन जण एकमेकांना चढवत नेतात. गाडी बाजूला राहते, हट्ट लिलावात निघतो. मला विचाराल तर पहिले सहा दिवस बोली लावूच नये; प्रश्न विचारावेत, कागद मागावेत, माणूस पाठवावा. सातव्या दिवशी एकदा आकडा टाकावा. लवकर उडी मारणारा फक्त चुलीत लाकडं घालतो.

“म्हणूनच ह्यांचा मोबाईल रात्री मी ठेवून घेते,” काकू म्हणाल्या. यावर तात्या काही बोलले नाहीत, त्या अर्थी त्या मोबाईलचा काहीतरी इतिहास असावा.

मग निघाला पैशांचा विषय. नोव्हेंबर २०२५मधली हरियाणातली गोष्ट तात्यांना तोंडपाठ. गाडीच्या नंबराचा ऑनलाइन लिलाव, एचआर ८८ बी ८८८८, बोली पन्नास हजारांपासून सुरू आणि थांबली १ कोटी १७ लाखांवर. देशभर बातमी. आणि पैसे भरायची वेळ आली तेव्हा माणसानं भरलेच नाहीत. अनामत गेली, नंबर पुन्हा लिलावाला. तिथल्या परिवहनमंत्र्यांनी मग त्याच्या मालमत्तेचीच चौकशी करायला सांगितली. बोली लावणं हा छंद नाही, जबाबदारी आहे, असं काहीसं ते म्हणाले होते. याउलट हैदराबादजवळ बालापूरच्या गणपतीच्या लाडवाचा लिलाव बघा. १९९४ला तो ४५० रुपयांना गेला होता, २०२५ला ३५ लाखांना. तिथं गावासमोर, ढोलाच्या आवाजात, चेहऱ्यानिशी बोली असते.

“आपले शास्त्रीजी घ्या,” तात्या म्हणाले. “पंतप्रधान असून फियाटसाठी बँकेचं कर्ज काढलं.”

खरं आहे ते. लालबहादूर शास्त्रींनी १९६४ साली फियाट घेतली, किंमत बारा हजारांच्या घरात. पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजारांचं कर्ज घेतलं. ते फिटायच्या आधीच १९६६च्या जानेवारीत ताश्कंदला ते गेले. त्यांच्या पत्नी ललिताबाईंनी आपल्या पेन्शनीतून ते फेडलं. गाडी दिल्लीला त्यांच्या स्मारकात आहे. बोली जिंकून दुसऱ्या दिवशी ‘थोडं कमी करा ना, लास्ट किती?’ म्हणणाऱ्यांनी ती एकदा बघून यावी. लिलाव संपल्यावरची घासाघीस हा या धंद्यातला सगळ्यांत हलका प्रकार आहे. दुसरा हलका प्रकार म्हणजे लिलाव चालू असताना मागल्या दारानं विकणाऱ्याला फोन करून ‘बाहेरच्या बाहेर मिटवू, कमिशन वाचेल’ म्हणणं. ज्यांनी मन लावून बोली लावली त्यांच्या तोंडाला पानं पुसली जातात, आणि असा व्यवहार फसला तर मध्ये कुणी उभं राहत नाही. विकणाऱ्यांसाठी आणखी एक: पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘मी फौजेत आहे, ट्रक पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ म्हणणाऱ्यानं किती घरं धुतली! तसं झालंच तर १९३० हा नंबर लगेच फिरवायचा.

“आता पुढं काय करणार डॉक्टरांचं पोरगं?”

“येऊन गेलं परवा,” तात्या म्हणाले. “आधी रागात होतं. मग मी त्याला इंजिनाचा नंबर दाखवला. गप झालं. म्हणलं, काका, ह्या गाडीला विंटेजचा नंबर मिळंल का?”

विंटेज नोंदणीचा नियम जुलै २०२१चा आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं होऊन गेलेली, धंद्यासाठी न वापरलेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात असेल तर विंटेज म्हणून नोंदवता येते. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. नंतर पाच हजार भरून पाच-पाच वर्षं वाढते. नव्यानं नोंदलेल्या गाडीला व्हीए मालिकेतला नंबर मिळतो, आधीची नोंद असेल तर जुना नंबर ठेवता येतो. मात्र ती गाडी घेऊन रोज मोंढ्यात भाजी आणायला जाता येत नाही; रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. विकायची मुभा आहे, दोन्ही बाजूंनी आपापल्या परिवहन खात्याला नव्वद दिवसांत कळवायचं. आता ‘मूळ रूप’ या दोन शब्दांत पद्मिनीचं इंजिन बसतं का, हे आरटीओ ठरवणार. तात्यांचं म्हणणं, जुनं इंजिन थोरल्या डॉक्टरांनी फेकलं नसणार. दवाखान्यामागच्या खोलीत पोत्याखाली सापडेल. पोरगं पुढच्या सुट्टीत शोधणार आहे. सापडलं तर गाडी परत लिलावात जाईल, या वेळी खरं लिहून. तेव्हा पुन्हा बोली लावीन, असं कोल्हापूरकरानं तात्यांना आधीच सांगून ठेवलंय. नाही सापडलं तर मेव्हणा आहेच.

“जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतो आपण,” तात्या म्हणाले. “जर्मनीत गाड्यांना काय भाव येतो सर?”

“मे २०२२मध्ये श्टुटगार्टला एक १९५५ची मर्सिडीज विकली. साडेतेरा कोटी युरो.”

तात्यांनी मनात गुणाकार केला, मध्येच सोडून दिला. नळ आला होता. काकू आधीच हंडा घेऊन धावल्या होत्या.

पाणी भरून झाल्यावर तात्यांनी भिंतीवरून जे सांगितलं, ते जिल्ह्यातल्या वाड्या-गढ्यांच्या मालकांसाठी इथं उतरवतो. परभणी, सेलू, मानवत, गंगाखेडला जिनिंगच्या शेडात आणि वाड्यांच्या पडवीत अशा गाड्या अजून आहेत, आणि बहुतेकींचे मालक कागदावर अजून आजोबाच आहेत. मालक वारला की वारसानं तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव लावायचं असतं; तीन महिने सोडा, कित्येक घरांत दोन पिढ्या गेल्यात. नाव लागल्याशिवाय विक्रीचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरता येत नाहीत, दुसऱ्या राज्यात जायला २८ नंबरची एनओसी मिळत नाही. आणि विकून झाल्यावर नाव बदललं की नाही हे विकणाऱ्यानं स्वतः बघावं. अपघात झाला तर नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, असा सुप्रीम कोर्टाचा २०१८चा निकाल आहे. गाडी पाच हातांतून फिरली असली तरी नोटीस पहिल्याच दारात येते. तेव्हा गाडी लिलावात टाकायचा विचार असेल तर फोटो काढायच्या आधी जुनं आरसी बुक शोधा, इंजिन आणि चेसीचे नंबर पुसून वाचा, आणि सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. लग्न होऊन गेलेल्या आत्यांच्यासुद्धा.